दारेमीमांसा

नीरा डाव्या कालव्याच्या कडेने, वीरपासून थेट इंदापूरच्या रानापर्यंत, कुठल्याही वस्तीवर रात्री दहानंतर फोन लावावा आणि घरच्या कर्त्या माणसाची चौकशी करावी. उत्तर ठरलेलं असतं : "दारं धरायला गेल्यात."

शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे अशा वेळी काय उभं राहतं, याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. बाहेर वादळ सुटलंय आणि गृहस्थ दोन्ही हातांनी कवाड रेटून उभे आहेत. किंवा चोर बाहेरून ढकलताहेत आणि हे आतून. किंवा गृहस्थ मुळात सुतार असून चौकट बसवण्याचं काम रात्रपाळीत चाललं आहे. प्रत्यक्षात गृहस्थ घरापासून अर्धा मैल लांब, उसात, घोटाभर चिखलात उभे असतात आणि त्यांच्या आसपास घर, भिंत, चौकट, कवाड यांपैकी एकही वस्तू नसते.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या साखरेवर, सहकारावर आणि राजकारणावर गाड्या भरतील इतकं लिहून झालं आहे. 'दारं' या शब्दावर मात्र कुणी पानभर शाई खर्च केल्याचं प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. विद्यापीठांना वेळ नाही आणि ज्यांना विषय माहीत आहे ते दारं धरायला गेलेले असतात. सबब हे काम आमच्याकडे आलं.

प्रथम व्याख्या. शेतात पाणी येतं पाटाने. पाटाच्या कडेला काटकोनात सऱ्या पाडलेल्या असतात आणि दोन सऱ्यांच्या मधला मातीचा उंचवटा म्हणजे वरंबा. पाटाचं पाणी सरीत शिरावं म्हणून पाटाची कड खोऱ्याने फोडून जे वीतभर तोंड करतात, त्याला दारं म्हणतात. सरी भरली की ते तोंड चिखल ओढून बुजवायचं आणि शेजारचं फोडायचं. संपलं. एवढ्याशा क्रियेला मराठी भाषेने दाराचा दर्जा दिला आहे, हे आधी नीट लक्षात घ्यावं. या दाराला उंबरठा नाही, बिजागरी नाही, कडी-कोयंडा नाही. पाडव्याला त्यावर कुणी तोरण बांधत नाही. ते ज्या मालाचं बनलेलं असतं त्याच मालाने बंद होतं. त्याचं आयुष्य एका भिजवणीचं. पुढच्या पाळीला त्याच जागी नवं दारं जन्माला येतं आणि त्याला जुन्याची काहीही आठवण नसते. वेदान्त्यांनी या दृष्टान्ताकडे कसं दुर्लक्ष केलं, कळत नाही.

आता व्याकरण, कारण खरी गोम तिथेच आहे. 'दारं' हे रूप एकवचन की अनेकवचन? घराला असतं ते 'दार', त्याचं अनेकवचन 'दारे', बोलीत 'दारं'. उलट तळं-तळी, केळं-केळी, खोरं-खोरी या चालीने पाहिलं तर 'दारं' हे सरळ नपुंसकलिंगी एकवचन आणि त्याचं अनेकवचन 'दारी'. म्हणजे एकाच रूपात एक आणि अनेक दोन्ही नांदताहेत. आमच्या मते अभ्यासकांचे इथे दोन पंथ पडायला हरकत नाही : एकवचनवादी आणि अनेकवचनवादी. पंथ अद्याप पडलेले नाहीत, पण जागा करून ठेवलेली बरी.

एकवचनवादी म्हणतील, रानात काय ओरडतात ते ऐका : "आरं, दारं फुटलं!" फुट'लं'. एकवचन सिद्ध. शिवाय "दाऱ्यावर कोण हाय?" असं विचारतात, "दारावर कोण आहे" असं नाही. 'दाऱ्या' हे सामान्यरूप 'दार'पासून निघणं शक्य नाही. यावर अनेकवचनवादी शांतपणे सकाळची वाट पाहतील. सकाळी लाल डोळ्यांनी चहाचा पेला धरलेला गडी सांगतो, "रातभर दारं धरली." धर'ली'. अनेकवचन सिद्ध.

दोन्ही पुरावे बिनतोड आहेत. यावर आमचा निर्णय असा, की हा शब्द फुटताना एकवचनी आणि धरताना अनेकवचनी असतो. फुटतं ते एकच, नको तेव्हा आणि नको तिथे. धरावी लागतात ती मात्र अनेक. पाणिनीला असा शब्द मिळाला असता तर अष्टाध्यायीला नववा अध्याय जोडावा लागला असता.

व्युत्पत्तीकडे वळू. संस्कृत 'द्वार' इथून प्रवास सुरू होतो, यात मतभेद नाही. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात 'द्वार'ची जी प्राकृत रूपं नोंदली आहेत त्यांत 'देर' आहे, 'दुआर' आहे, 'दार' आहे आणि 'बार'ही आहे. 'द्व' या जोडाक्षरातला द टिकला तर दार, व टिकून त्याचा ब झाला तर बार. मराठीने दोन्ही भावंडं सांभाळली. गुजरातीने घराच्या दारालाच 'बारणुं' आणि खिडकीला 'बारी' म्हटलं. आपण घराला 'दार' दिलं आणि शेतात दोघांनाही कामाला लावलं. नीरेच्या खोऱ्यात 'दारं धरतात', नाशिककडे 'बारं देतात'. खानदेशात नुसतं 'पाणी भरतात', विदर्भात 'ओलीत करतात'. हा शेवटचा शब्द कानाला गोड आहे, पण त्यात चिखल कमी पडतो. हेमचंद्र जैन आचार्य, राजांच्या सभेत वावरलेला. ऊस त्याने धरला असेल तो चोखण्यापुरता. तरी आठशे वर्षांपूर्वी त्याने दार आणि बार जवळजवळ ठेवून दिले आणि आज दोन्ही शब्द पंप चालू झाला की रात्री अकरा वाजता उठतात, हा योग सामान्य नव्हे.

इथे 'बारामती'चा प्रश्न उपस्थित होणारच. या नावाची फोड करताना लोक 'बारा' आणि 'मती' असे दोन तुकडे करतात आणि एका गावाला बारा बुद्ध्या कशासाठी लागल्या यावर चर्चा करतात. बारामतीकरांना हा तर्क पसंत असतो. बाहेरच्यांना तो पटतो, पण आवडत नाही. आम्ही एक नवी उपपत्ती मांडू इच्छितो : बारं + माती = बारंमाती, पुढे बारामती. म्हणजे 'पाणी फिरवण्याचं तोंड आणि ते बुजवायची माती'. ही उपपत्ती संपूर्णपणे चुकीची आहे. गाव जुनं, कालवा नंतरचा, आणि या खोऱ्यात 'बारं' म्हणतच नाहीत. पण महाराष्ट्रात स्थलनामांच्या ज्या व्युत्पत्त्या शाळेच्या भिंतींवर रंगवलेल्या आढळतात त्यांच्या मानाने हिच्यात दोष कमी आहेत, म्हणून नोंद करून ठेवली. इंदापूरचं त्याहून अवघड. तिथे इंद्रेश्वराचं देऊळ आहे, गावाचं नाव इंद्राशी जोडलं जातं आणि तालुका अवर्षणप्रवण. पावसाच्या देवाने स्वतःचं नाव दिलेल्या गावाशी असं वागावं, हे पाटबंधारे खात्याच्या स्थापनेमागचं एक कारण असावं.

बारामतीचा विषय निघाला आणि मोरोपंत आले नाहीत असं होऊ नये. पंत (१७२९–१७९४) पन्हाळ्याचे, पण बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत स्थिरावले आणि कऱ्हेच्या काठी त्यांनी आर्यांचं जे पीक काढलं ते कोणत्याही कालव्याविना. त्यांची एकशे आठ रामायणं प्रसिद्ध आहेत. त्यांतलं एक 'निरोष्ठ'. म्हणजे प, फ, ब, भ, म यांसारखा ओठ मिटवणारा एकही वर्ण येऊ न देता रचलेलं. आता हा नियम शेतीच्या शब्दांना लावून पाहा. पाणी बाद. पाट बाद. वाफा दोन्ही अक्षरांनी बाद. वरंबा, फावडं, पंप, पाटबंधारे, सगळे बाद. कडक पंडित उ आणि ओ हे स्वरही ओठांच्या खात्यावर घालतात; तसं केलं तर ऊस आणि खोरंही बाद. 'बारामती' दोनदा बाद, 'इंदापूर'ही गेलं. आणि 'दारे धरणे'? द, र, ध, र, ण. ओठाला ओठ लागत नाही. नीरा, कऱ्हा, सरी हेही निभावतात. म्हणजे निरोष्ठ भाषेत नीरेच्या काठी सरीला दारे धरता येतात; फक्त त्यांतून पाणी सोडता येत नाही. या खोऱ्याच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांना ही स्थिती परिचित आहे.

यातून एक गंभीर सिद्धांत निघतो. नीरेच्या खोऱ्यात 'बारं' मागे पडून 'दारं' का टिकलं? कारण रात्री दारं धरणाऱ्याचे दोन्ही हात खोऱ्याला गुंतलेले असतात आणि बॅटरी तोंडात धरलेली असते. तोंडात बॅटरी असताना 'ब' उच्चारता येत नाही. 'द' कसाबसा येतो. यावर असा आक्षेप येईल, की शब्द प्राचीन आणि बॅटरी अर्वाचीन. आक्षेपकांनी बिडीचा विचार करावा.

आता क्रियापद. दारं 'धरतात' म्हणजे नेमकं काय करतात? ते मोडतात, फोडतात, उकरतात, बुजवतात. धरत कुणीच नाही. पाणी धरता येत नाही आणि भोकाला धरायला मूठ नसते. सोपं उत्तर असं, की शेतकऱ्याच्या बोलण्यात 'धरणे' म्हणजे कामाला लावणे : औत धरलं, पाभर धरली, तसंच दारं धरलं. हे उत्तर बरोबर असण्याचा संभव मोठा आहे, पण ते एका ओळीत संपतं. प्रबंधाला असली उत्तरं परवडत नाहीत. म्हणून दुसरं पाहू. मराठीत माणूस अंथरूण धरतो. तिथे धरणारा कोण आणि धरलेला कोण, हे रोग्याला विचारावं. अंथरुणानेच त्याला धरलेलं असतं. सौजन्य म्हणून क्रियापदाचं कर्तेपण रोग्याकडे ठेवतात. दाऱ्याचंही तसंच आहे. गडी म्हणतो, मी दारं धरली. वस्तुतः पाणी येईपर्यंत आणि पाणी संपेपर्यंत दाऱ्याने गड्याला धरून ठेवलेलं असतं. त्याला घरी जाता येत नाही, जेवायला उठता येत नाही आणि वळून पाहिलं की पलीकडचं फुटतं.

'धरणे'चा पसारा इथेच थांबत नाही. ज्यातून पाणी येतं ते धरण. जे धरायचं ते दारं. आणि पाणी आलं नाही की खात्याच्या दारात जे धरतात ते धरणं. पूर्वी सावकार ऋणकोच्या दारात अन्नपाणी सोडून बसे, त्या प्रकाराला 'धरणे' म्हणत. आता शेतकरी शाखा अभियंत्याच्या दारात बसतो. म्हणजे धरणातून पाणी सुटेना, म्हणून दारं धरता येईनात, म्हणून दारी धरणं धरलं. हे वाक्य परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवताना शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवावं.

इतकं झाल्यावर इतिहासाला नमस्कार केला पाहिजे. इंग्रजांनी या भागात न मोजलेली वस्तू सापडणं कठीण. इंदापूर तालुका तर मोजणीच्या शास्त्राची पंढरी. प्रिंगल साहेबाची पहिली जमाबंदी इथल्या रयतेच्या मानेला फास झाली, गावं ओस पडू लागली, म्हणून १८३५–३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरातच नव्याने पाहणी मांडली. जमिनीचा रंग पाहिला, खोली पाहिली, प्रत ठरवली, सोळा आण्यांत तिची किंमत बांधली. पुढे मुंबई इलाख्याची सारी महसूल पद्धत या कामावरून बेतली गेली. म्हणजे इलाखाभर सातबारा घेऊन तलाठ्यापुढे जे उभे राहिले, त्यांच्या पायपिटीचा उगम इंदापुरात आहे. पण या थोर मोजणीत दारी मोजलेली नाहीत. त्यांना निमित्त आहे : तेव्हा कालवाच नव्हता.

कालवा आला तो दुष्काळाच्या पाठीवर बसून. १८७६–७७च्या दुष्काळात भुकेल्या माणसांना काम म्हणून नीरा डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली आणि १८८५ साली त्यातून पाणी वाहू लागलं. पाणी साठवायला भाटघरला वेळवंडी नदीवर धरण झालं. ते अपुरं पडलं म्हणून १९२०च्या दशकात त्याच्याच खाली थोरलं लॉइड धरण बांधलं. कालवा वीरच्या बंधाऱ्यापासून निघतो आणि पुरंदर, बारामती करत इंदापूरला जातो. वाटेत त्याने गुळाची गुऱ्हाळं उभी केली, मग वालचंदनगर, मग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशी साखरेची धुराडी.

या कालव्याशी विश्वेश्वरय्यांचा संबंध आला, ही आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत नाट्यमय घटना. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ते पुण्यात पाटबंधाऱ्याचे अभियंते होते. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली : जमिनीचे गट पाडायचे, उसाला ठरावीक हिस्सा, बाकीच्याला कमी पाण्याची पिकं, म्हणजे एकानेच सगळं पाणी प्यायचं नाही. आणि त्याच सुमारास खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपली विख्यात स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठरावीक पातळीवर चढलं की दार आपोआप उघडतं, उतरलं की मिटतं, माणूस नको. या दारांचं कौतुक देशभर झालं, ते योग्यच झालं. पण त्यानंतर सव्वाशे वर्षांत अभियांत्रिकी धरणाच्या दारावरून शेतातल्या दाऱ्यापर्यंत यायला तयार नाही. धरणाला रेडियल गेट, कालव्याला रेग्युलेटर, चारीला लोखंडी झडप, आउटलेटला सिमेंटचा पाईप. जसजसं पाणी खाली येतं तसतशी सामग्री स्वस्त होत जाते आणि अखेरीस एक खोरं व एक माणूस उरतो. मोजमापाचंही तेच. धरणात टीएमसी, कालव्यात क्युसेक, चारीवर तास, आणि शेतात? "अजून चार दारी राहिल्यात." हे कालाचं माप आहे, क्षेत्राचं आहे की पाण्याचं, ते विचारू नये. ते घरी जेवण झाकून ठेवायचं की नाही हे ठरवण्यापुरतं पुरेसं नेमकं असतं.

शेजपाळी नावाची जी रीत खात्याने घातली आहे तिचा अर्थ शेजाऱ्यामागून शेजारी, अनुक्रमाने पाणी. सात नंबरचा अर्ज भरायचा, पाळी पास व्हायची, कालवा सल्लागार समितीने आवर्तन ठरवायचं आणि पाणी शेवटाकडून मुखाकडे द्यायचं : आधी टोकाचा, मग मधला, मग वरचा. कागदावर याहून न्यायी पद्धत सापडणार नाही. फक्त पाण्याला वाचता येत नाही. ते वरून खाली येतं आणि येताना प्रत्येक दाऱ्यापाशी त्याच्या मनात विचार चाळवतो. याला पाण्याचा स्वभाव म्हणतात. पाण्याच्या स्वभावाला मदत करणारं खोरं कुणाचं, हे सकाळी पाटकऱ्याला कधीच कळत नाही. या कालव्याचं शेपूट इंदापुरात आहे, त्यामुळे 'टेल' हा इंग्रजी शब्द तिथल्या मराठीत इतका मुरला आहे, की तो जन्मस्थळासारखा सांगतात : "आम्ही टेलचे." यावर 'हेडचे' काही बोलत नाहीत. त्यांच्याकडे पाणी चालू असतं.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दारं जास्त धरण्याचे परिणाम वरच्यांनी आधी भोगले. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं होतात न होतात तोच नीरेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१०च्या सुमारास या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. कारण साधं होतं. पाणी द्यायची दारी होती, पाणी बाहेर काढायची नव्हती. निचरा नसलेल्या रानात भूजल वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं, ऊन पाणी उडवून नेतं आणि क्षार मुक्कामाला राहतात. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो आणि तो शब्द उच्चारताना आवाज उतरवतो. दाऱ्याची जोडीदार म्हणजे निचऱ्याची चरी. तिला मात्र भाषेत 'धरण्या'चा मान नाही. ती कुणी धरत नाही, म्हणून तर ती बुजते.

दारं धरण्याची वेळ हा निराळा अध्याय. मोट होती तेव्हा दिवसाढवळ्या काम चाले. मोटेवर बाप्या, दाऱ्यावर बाई किंवा पोर. मोटकरी बैलांच्या येरझाऱ्यांवर गाणी म्हणे आणि त्या गाण्यांचे पुढे संग्रह झाले. दाऱ्यावरच्या बाईचं गाणं कुणी उतरवून घेतलं नाही. तिचं ध्यान सरीत होतं आणि संग्राहकांचं मोटेवर. मग विजेचा पंप आला, आणि शेतीची वीज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री अशा पाळीने येऊ लागली. १९८० साली उजनी धरण झाल्यावर इंदापूरच्या उत्तर अंगाला भीमेचं पाणी पसरलं, त्यात गावं गेली, जुन्या पळसदेवाचं देऊळही बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं, लोक बघायला जातात, आणि बाकीचे दिवस त्या दगडी दाराची पाण्याशी गाठ राहते. उरलेल्या रानात त्याच पाण्यावर पंप बसले आणि रात्रीची दारी वाढली.

रात्री दारं धरणं ही कला आहे. सरी लांब असते, पाणी सावकाश चालतं आणि झोप त्याहून वेगाने. यावर जुन्या लोकांनी काढलेला तोडगा असा : दारं मोडून द्यायचं, सरीच्या पार शेवटाला जायचं आणि सरीत पाय सोडून वरंब्यावर पाठ टेकायची. पाणी टोकाला पोचलं की पायाला लागतं, माणूस जागा होतो आणि परत जाऊन दारं बदलतो. घड्याळ नको, कुणाला हाक नको. या योजनेतला एकमेव दोष घोणस. तिला पाळीचं वेळापत्रक लागू नाही. अलीकडे बिबट्याचीही भर पडली आहे. उसात राहायला त्याला कुणाची ना हरकत लागली, ना सात नंबरचा अर्ज.

रात्र, पाणी आणि दार असा त्रिवेणी योग जुळल्यावर दैवताचा शोध घेणं भाग होतं. ते फार लांब सापडलं नाही. इंदापूर तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला, नीरा जिथे भीमेला मिळते तिथे, नीरा नरसिंहपूर. नीरेचं अगदी शेवटचं टेल म्हणायचं. आता कथा आठवा. हिरण्यकशिपू हा मागच्या जन्मीचा वैकुंठाचा द्वारपाल. म्हणजे दारं धरणाराच. त्याने पाहुण्यांना दारात अडवलं आणि शापित झाला. नरसिंहाने त्याला मारलं ते उंबरठ्यावर, कारण आत नाही आणि बाहेर नाही. आणि तिन्हीसांजेला, कारण दिवसा नाही आणि रात्री नाही. शेतीच्या विजेचं इतकं अचूक वर्णन पुराणांत दुसरीकडे सापडत नाही. दारं धरणाऱ्यांचं कुलदैवत म्हणून नरसिंहाची शिफारस करण्यात आम्हाला संकोच वाटत नाही. अडचण एवढीच, की या कथेत देव ज्याच्या बाजूने उभा आहे तो द्वारपाल नव्हे.

यावरून एक उणीव ध्यानात आली. पाट बघणारा पाटकरी. मोट हाकणारा मोटकरी. नांगर धरणारा नांगऱ्या. ऊस तोडणारा तोडकरी, गाडी हाकणारा गाडीवान. दारं धरणाऱ्याला शब्दच नाही! 'दारकरी' म्हणून पाहिलं, वारकऱ्याची नक्कल वाटते. 'द्वारपाल' आम्ही वर बघितलाच. 'दरवान' म्हटलं की हातात शिट्टी आणि अंगात गणवेश येतो. ज्याला नाव नाही त्याची संघटना होत नाही, महामंडळ निघत नाही, त्याच्या नावाने पुरस्कार देता येत नाही. शाळेत न रमणाऱ्या पोराला आई म्हणते, "न्हाय शिकलास तर दारं धरावी लागतील." या धमकीत बाप कुठेही उल्लेखला जात नाही, पण तो ओसरीवर बसून ती ऐकत असतो आणि मान डोलावतो.

हे पोर शिकतं. इथून पुढे विषय आधुनिक होतो आणि आमच्या व्याख्येवर ताण येतो. ठिबकात दारं नाही, कॉक आहे; तो फिरवायचा असतो. तरीही ठिबक केलेला शेतकरी घरातून निघताना दारं धरायलाच निघतो, कॉक फिरवायला निघाल्याचं सांगून घराबाहेर पडणारा माणूस बारामतीत अजून व्हायचा आहे. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने तर उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता लावली आहे. जमिनीत संवेदक, वर उपग्रह, आणि कुठल्या पट्ट्याला किती पाणी हवं याचा निरोप थेट मोबाईलवर. या प्रयोगाची वाखाणणी पार अमेरिकेपर्यंत पोचली. प्रयोग चांगलाच आहे, पाणी वाचतं. पण यंत्राने फक्त कधी आणि किती ते सांगितलं. पाटाने भिजवणाऱ्याच्या रानात 'कुणी' हा प्रश्न जुन्याच उत्तरापाशी येऊन थांबतो.

सगळ्यांत बिकट प्रकरण मोबाईल स्टार्टरचं. पोरगं हिंजवडीत नोकरीला. विहिरीवरच्या स्टार्टरला सिमकार्ड बसवलेलं. रात्री दोनला वीज आली की त्याला संदेश येतो, तो अंथरुणातूनच बटण दाबतो, इकडे गावी सणसरच्या रानात पंप धडधडतो. मग तो बापाला फोन करतो : "अण्णा, चालू केलीय मोटार, दारं बघा." दुसऱ्या दिवशी कचेरीत जांभया देताना सहकाऱ्यांनी विचारलं तर सांगतो, रात्रभर दारं धरली. हा प्रयोग ग्राह्य धरावा का? एकवचनवादी म्हणतील, दारं फुटलं तर ते बापाच्या पायाशी फुटेल, सबब धरणारा बाप. अनेकवचनवादी म्हणतील, 'धरली' हे अनेकवचन आहेच, तेव्हा दोघांत वाटून घ्यावं. अण्णांचं मत विचारलं असता ते म्हणाले, मोटार बंद कर म्हणावं आधी, खालची सरी फुटलीय.

प्रस्तुत प्रबंधातील विधानांवर विद्वानांचे आक्षेप असणं स्वाभाविक आहे. ते लेखी पाठवू नयेत. या आठवड्यात वीज रात्रीची आहे. आक्षेपकांनी अकराच्या पुढे समक्ष चारीवर यावं, बॅटरी आणि गमबूट आपापले आणावेत. खोरं आम्ही देऊ.